बाबांच्या गाण्यांचं आयकॉन

पुणे, रविवार दुपार

प्रिय मिलिंद,

तू पीसीवर लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकलीस हे ऐकून बरं वाटलं. 'डी ड्राइव्ह कुठे गेला?' हा तुझा प्रश्न वाचून मात्र हसलो, कारण दोन वर्षांपूर्वी मी हेच विचारत फिरत होतो.

माझं निमित्त होतं बाबा. जुन्या पीसीतली ५०० जीबीची डिस्क मी नव्या कॅबिनेटमध्ये दुसरी म्हणून लावली. त्यांची सगळी गाणी तिच्यावर. सकाळी सहाला भीमसेनांचे अभंग लागलेच पाहिजेत, म्हणून डेस्कटॉपवर 'गाणी' असं आयकॉन करून दिलं. दुसऱ्या दिवशी हाक आली, "अरे, हे रिकामं दाखवतंय!" डिस्क जागेवरच होती, पण फाइल मॅनेजरात तिच्यावर क्लिक करेपर्यंत ती माउंटच होत नव्हती, म्हणजे सिस्टिमला जोडलीच जात नव्हती. बाबांना रोज आधी तिथे क्लिक करा असं सांगणं म्हणजे पुढचा महिनाभर बोलणी खाणं.

तेव्हा 'एफएसटॅब' या फाइलीला हात घातला; मशीन सुरू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची ते तिच्यात ओळीओळीने लिहिलेलं असतं. टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) 'एलएसबीएलके -एफ' दिलं की प्रत्येक पार्टिशनचा, म्हणजे डिस्कच्या भागाचा, यूयूआयडी हा ओळख क्रमांक दिसतो; विंडोजच्या एनटीएफएस फाइल सिस्टिमचा तो १६ अक्षरी. तोच वापर. लिनक्स डिस्कला देतं त्या 'एसडीबी१' वगैरे नावांवर विसंबू नकोस. आज जी डिस्क 'बी' आहे ती उद्या दुसरी केबल लावल्यावर 'सी' होते. ओळीत सहा रकाने: यूयूआयडी, डिस्क जिथे जोडायची ते फोल्डर (आधी नवं, रिकामं तयार करून ठेवायचं), फाइल सिस्टिम, ऑप्शन्स आणि शेवटी दोन शून्यं. ऑप्शन्समध्ये स्वल्पविरामानंतर जागा सोडायची नाही. शाळेतल्या शुद्धलेखनाच्या सवयीने मी सोडली आणि अर्धा तास डोकं खाजवत बसलो. ओळ लिहिली की रीस्टार्टच्या आधी 'सुडो माउंट -ए' चालवून बघ. चूक असली तर तिथल्या तिथे ओरडा मिळतो.

ही शहाणपणाची गोष्ट मला कळली, पण 'नोफेल' हा ऑप्शन कळला नव्हता. लग्नाचे फोटो द्यायला ती डिस्क काढून चुलतभावाकडे घेऊन गेलो. इकडे बाबांनी पीसी लावला. मशीन दीड मिनिट डिस्कची वाट बघत बसलं आणि मग काळ्या पडद्यावर इमर्जन्सी मोड. "काहीतरी इमर्जन्सी आहे म्हणतंय, कोणाला बोलवू का?" असा फोन! परत येऊन डिस्क लावली, तेव्हा मशीन निमूट सुरू झालं. ऑप्शन्समध्ये 'नोफेल' असतं तर डिस्क नसतानाही चालू झालं असतं. तू पहिल्याच दिवशी लिही, त्याच्यासोबत 'यूआयडी=१०००' आणि 'जीआयडी=१०००' (तुझ्या खात्याचा आणि गटाचा क्रमांक), म्हणजे फाइली तुझ्या नावावर दिसतील. हे आकडे मात्र इंग्रजीत.

तुझ्याकडे विंडोजही आहे ना? मग तिथलं फास्ट स्टार्टअप आधी बंद कर. ते चालू असलं की विंडोज बंद होताना ड्राइव्ह अर्धवट झोपेत सोडतं, आणि लिनक्स तो फक्त वाचायला देतं, लिहू देत नाही.

आयकॉनचं काम त्यामानाने किरकोळ. डेस्कटॉपवर मोकळ्या जागी राइट क्लिक करून नवा लाँचर, म्हणजे क्लिक केल्यावर कमांड चालवणारं आयकॉन, कर. कमांडच्या रकान्यात गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव 'व्हीएलसी' आणि पुढे फोल्डरचा पूर्ण पत्ता. होम फोल्डरसाठी टर्मिनलात आपण जी नागमोडी खूण देतो ती इथे चालत नाही, कारण त्या खुणेचा अर्थ लावणारा टर्मिनलमधला शेल इथे मध्ये नसतो. आतून लाँचर ही साधी टेक्स्ट फाइलच असते, नोटपॅडसारख्या एडिटरात उघडून बघ एकदा. बाबांच्या आयकॉनला मी तंबोऱ्याचं चित्र लावलंय. "वीणा आहे ती," असं ते म्हणतात.

वहिनींना नमस्कार. तुझी ती ओळ लिहून झाली की रीस्टार्ट करण्याआधी फोटो काढून पाठव, नजर टाकतो.

तुझा,
सुहास