दोरूचा चढ

पोर्तो, पोर्तुगाल,
28 सप्टेंबर

तीर्थरूप आई व बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर आई म्हणाली, "तुझ्या बापाचा अर्धा जन्म सायकल कधी सुटते याची वाट बघण्यात गेला, आणि तू पदरचे पैसे मोडून सायकलवर डोंगर चढतोस." मी हसून विषय बदलला, कारण त्या वेळी मला नीट उत्तर सुचले नाही. दोन दिवस दोरू नदीच्या खोऱ्यात सायकल चालवून काल रात्री परत आलो, पाय अजून ठणकत आहेत, तेव्हा उत्तर आत्ताच लिहून टाकतो. बाबांच्या द्राक्षबागेची ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली असताना एवढे मोठे पत्र वाचायला त्यांना सवड होणार नाही हे मी जाणतो, पण यात द्राक्षाचाच मजकूर जास्त आहे.

पोर्तोहून सायकल आगगाडीत घालून मी रेग्वा या गावी उतरलो आणि तिथून नदीच्या दक्षिण काठाने जाणाऱ्या एन-222 या रस्त्याला लागलो. रेग्वा ते पिन्यांव हा सत्तावीस किलोमीटरचा तुकडा मोटार चालवणाऱ्यांमध्ये फार नावाजलेला असून 2015 मध्ये मोटारी भाड्याने देणाऱ्या एका कंपनीने त्याला जगातला सर्वांत उत्तम रस्ता ठरवले होते. सायकलवाल्याला तो गोड पण थोडा मिळमिळीत वाटतो, कारण रस्ता नदीला चिकटून जवळजवळ सपाटच जातो आणि धरणांमुळे नदीही तळ्यासारखी निश्चल झाली आहे. आईसाठी एवढेच सांगतो की इथे सायकलला ओलांडताना मोटारीने दीड मीटर अंतर राखावे असा 2014 पासून कायदा आहे, आणि मला दोन दिवसांत भेटलेल्या बहुतेक सर्वांनी तो पाळला. हेल्मेट डोक्यावरच होते.

खरी मजा दुसऱ्या दिवशी आली. पिन्यांव नदीकाठी, समुद्रसपाटीपासून जेमतेम शंभर मीटरवर आहे. तिथून फावायुश नावाच्या गावापर्यंत बारा-तेरा किलोमीटरचा चढ लागतो आणि तो तुम्हाला साधारण आपल्या नाशिकच्या उंचीवर नेऊन सोडतो. कसारा घाटात ट्रक जसे पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढतात, तसाच मी सर्वांत हलक्या गिअरवर, तासाला नऊ-दहा किलोमीटरच्या वेगाने वर सरकत होतो. या वेगाचा फायदा असा की डोंगर डोळ्यांसमोरून निसटून जात नाही. मोटारीतून हिरवे पट्टे दिसतात. सायकलवरून त्या पट्ट्यांखालच्या भिंती दिसतात, आणि वळणावर दम घ्यायला पाय टेकवला की तीच भिंत अगदी खांद्याशी येते. शिस्ट नावाचा इथला खडक शाळेतल्या पाटीसारखा पानापानांनी सुटतो. तो पहारीने फोडून, चुना-सिमेंट न वापरता नुसते दगडावर दगड रचून, शेकडो वर्षांत माणसांनी अख्खे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे केले आहेत. माती अशी जवळपास नाहीच. बाबा, तुम्ही ही जमीन पाहिली असती तर मुरूम म्हणूनही हातात घेतली नसती, पण खडकाची पाने उभी असल्यामुळे वेलीची मुळे त्या फटींतून खोलवर उतरतात आणि कोरड्या उन्हाळ्यातही खालची ओल शोधतात. जुन्या बागांना तर पाणी देण्याची पद्धतच नाही. तारा ताणण्यासाठी रोवलेले जुने खांबसुद्धा याच दगडाच्या उभ्या फळ्या आहेत, तुमच्यासारखे लोखंडी अँगल नाहीत.

चढावर अधूनमधून अशा पायऱ्या लागतात की ज्यांवर वेल नाही, फक्त काटेरी झुडपे आणि एखादे ऑलिव्हचे झाड आहे. त्यांना इथे 'मोर्तोरियु' म्हणतात. त्या शब्दातच मरण आहे. 1860 च्या दशकात फायलोक्सेरा नावाची मुळांना लागणारी कीड इथे पोहोचली आणि तिने या खोऱ्यातील बागा उजाड केल्या. पुष्कळांनी गाव सोडले आणि त्या पायऱ्या पुन्हा कधीच लागल्या नाहीत. जे टिकले त्यांना उपाय सापडला तो अमेरिकी वेलींच्या खुंटावर आपल्या जातीचे कलम बांधण्याचा. हे कळले तेव्हा मला आपल्या बांधावरची डॉग्रिज या खुंटाच्या कांड्यांची मोळी आठवली. आपल्याकडे तो खुंट खारट पाण्यासाठी आणि दुष्काळासाठी आला, कारण वेगळे होते, पण डॉग्रिजही मूळचा अमेरिकेचाच. पाटी दप्तरात टाकून मी तुम्हाला कलम बांधायला सुतळी पुरवत असे, तेव्हा ही युक्ती कुठून आली हे कधी विचारले नव्हते.

आईला आवडेल अशीही एक गोष्ट आहे. त्याच काळात दोना आंतोनिया फेरैरा नावाची एक विधवा इथे होती. ती 1811 मध्ये जन्मली, तिशीतच नवरा गेला, आणि तिने घरचा व्यवहार हातात घेऊन कीड आलेल्या काळातही बागा वाढवल्या. लोक अजून तिचे नाव आदराने घेतात. तुझी सासू असती तर तुमचे दोघींचे पटले नसते, एवढे मात्र नक्की.

चढताना आणखी एक हिशेब माझ्या लक्षात आला. दोरूच्या द्राक्षाची हद्द 1756 मध्येच मार्केस द पोंबाल या तेव्हाच्या मंत्र्याने ठरवली आणि पुढे ग्रॅनाइटचे दगड रोवून आखून दिली, आणि विसाव्या शतकात त्या हद्दीच्या आतील प्रत्येक वावराला ए, बी, सी अशी श्रेणी लावली गेली. उतार, खडक, उन्हाची दिशा, वेलीचे वय या सगळ्यांचे गुण मोजतात आणि त्यावरून त्या वावरातल्या किती रसाची पोर्ट ही इथली नावाजलेली गोड वाइन करता येईल ते ठरते. यात उंचीलाही गुण आहेत आणि ते वर जाताना कमी होत जातात, कारण खाली नदीकाठी ऊब जास्त असते. म्हणजे मी जसजसा घाम गाळत वर जात होतो तसतशी माझ्या बाजूच्या बागांची किंमत उतरत होती. आपल्या बाजार समितीतला लिलाव मनमानी आहे म्हणून तुम्ही चिडता. इथले शेतकरी या गुणपत्रिकेवर चिडतात.

फावायुश दोन-तीन किलोमीटरवर राहिले असताना माझ्या दोन्ही बाटल्या रिकाम्या झाल्या. सप्टेंबरचे ऊन खडकावरून परतून तोंडावर येत होते. रस्त्याच्या कडेला काढणी चालली होती, तिथल्या एका आजोबांनी नळ दाखवला आणि मोडक्यातोडक्या पोर्तुगीजमध्ये आमचे बोलणे सुरू झाले. घड बघून मला हसू आले: मणी काळे, बोराहून लहान, जाड सालीचे, बियांनी भरलेले. तुम्ही मणी फुगावेत म्हणून जीए या वाढीच्या संप्रेरकाच्या द्रावणात घड बुडवता, आणि या लोकांना मणी लहानच हवा, कारण रंग आणि चव सालीत असते. वडील द्राक्ष लावतात असे सांगितल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो छाटणीचा. त्यांची छाटणी वर्षातून एकदा, हिवाळ्यात, वेल झोपलेली असताना. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलात खरड आणि ऑक्टोबरात फळछाटणी अशा दोन करतो, असे मी बोटे दाखवून सांगितले. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मग मान हलवत म्हणाले, "बिचारी वेल!" मला काय उत्तर द्यावे ते सुचले नाही. बाबा, तुम्ही काय म्हणाला असतात?

चढ संपला की एकदम पठार लागते आणि फावायुश येते. हे गाव दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे, मस्कतेल नावाची गोड वाइन आणि चार टोकांचा पाव. मी पाव मागितला तेव्हा वेगळा शब्द शोधावा लागला नाही, कारण तो शब्द आपण यांच्याकडूनच घेतला आहे. बटाटा, चावी, पगार, घमेले, वर लिहिलेला लिलाव, सगळे इथलेच. पण मला सर्वांत गंमत वाटली ती पिंपाची. वाइन मोजण्याचे इथले माप 'पिपा' आहे, साडेपाचशे लिटरचे लाकडी पिंप, आणि आपल्या मोरीत पाण्याचे पिंप उभे असते ते त्याच शब्दाचे नात्यातले. वाइनचा विषय निघालाच आहे तर खोटे सांगत नाही, एक लहान पेला घेतला, पण तो पिन्यांवला परत उतरून, सायकल भिंतीला लावून, कुलूप घातल्यावर. आईने यापुढचे वाक्य दोनदा वाचावे: एकच.

उताराबद्दल सांगण्यासारखे फार नाही. जे चढायला सव्वा तास लागला ते वीस-पंचवीस मिनिटांत संपले, सगळे लक्ष ब्रेकवर आणि वळणांवरच्या खडीवर होते.

तर आईच्या प्रश्नाचे उत्तर असे की बाबांची सायकल दुधाच्या कॅनने लादलेली होती, म्हणून ती सुटावीशी वाटली. माझी रिकामी आहे, आणि त्या रिकामपणाचे पैसे कोणी भरले ते मला ठाऊक आहे. चढावर त्या भिंती बघताना बांधावर दगड लावणारे बाबाच मला दिसत होते.

पुढच्या सप्टेंबरात, ऑक्टोबर छाटणीच्या आधी पंधरा दिवस काढून तुम्ही दोघांनी इकडे यावे असे मला फार वाटते. बाग दादा बघेल, मी त्याच्याशी बोललो आहे. तुम्हाला सायकलवर बसवणार नाही. पोर्तोहून पिन्यांवला गाडी सुमारे अडीच तासांत जाते, आणि तिथल्या स्थानकाच्या भिंतींवर 1937 मध्ये बसवलेल्या निळ्या फरशांच्या चोवीस चित्रांत द्राक्षकाढणी, टोपल्या वाहणारी माणसे आणि पिंपे नेणाऱ्या होड्या आहेत. बाबांना त्यात चुका काढता येतील. जाताना डब्यात उजव्या बाजूला बसा, नदी त्याच बाजूला आहे. मी पहाटे सायकलने पुढे निघून फलाटावर उभा राहीन.

तुमचा,
धाकटा