रॉबिनच्या लेखात राहून गेलेलं

मा. संपादक,

रविवार पुरवणीतल्या स्वीडिश गायिका रॉबिनवरच्या लेखात तिचे कपडे अन् नाच भरपूर. मुख्य गोष्ट राहिली. १९९७मध्ये तिची दोन गाणी अमेरिकेत पहिल्या दहांत होती. तरी तिची रेकॉर्ड कंपनी मनासारखं करू देईना, म्हणून २००५ साली तिने स्वतःची ‘कोनिचिवा रेकॉर्ड्स’ ही कंपनी काढली. २००७मध्ये तिने गायलेल्या गाण्याचा ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिला नंबर!

मी परभणीकडं लग्नसराईत कीबोर्ड वाजवतो. आमच्याकडचे चांगले गळे एकरकमी पैसे घेऊन गाण्याचे सगळे हक्क लिहून देतात. पुढं ते प्रत्येक वरातीत वाजो, गाणाऱ्याला चहासुद्धा मिळत नाही. (डीजेवाला मात्र ॲडव्हान्स घेतो.) कलाकारांनी करार करताना काय बघावं, यावर पुरवणीत एक पान द्या.

— एक कीबोर्डवादक, परभणी