मोबाइल उलटा ठेवून भागत नाही

संपादक महोदय,

प्रवेश परीक्षेचा माझा हा दुसरा प्रयत्न. पहिल्या वेळी रोज १२ तास टेबलाशी बसायचो आणि घरचे कौतुक करायचे. एकदा ठरवलं, लक्ष उडालं की वहीच्या समासात एक रेघ मारायची. तासाभरात १७ रेघा! निम्म्या मोबाइलच्या, तोही उलटा ठेवलेला. वाजत नव्हता, तरी हात जायचाच. आता तो दुसऱ्या खोलीतल्या कपाटात असतो. उरलेल्या रेघा 'यंदाही नाही झालं तर?' याच्या. त्यांना कपाट नाही.

उपयोग झाला तो एकाच सवयीचा. धडा वाचला की पुस्तक मिटायचं आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधल्या प्रयोगात, पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवड्याभराने जास्त लक्षात राहिलं होतं. (पाचच मिनिटांनी तपासलं, तेव्हा वाचणारे पुढे होते. मी तिथेच फसलो.)

गुणवंतांच्या मुलाखतींत 'किती तास अभ्यास केला?' हे हमखास विचारलं जातं. पुस्तक मिटल्यावर काय करायचा, हेही एकदा विचारा.

— एक परीक्षार्थी