बाबांच्या डाव्या पापणीबद्दल

रोम,
१७ ऑक्टोबर

प्रिय दिनू,

सुखरूप पोचल्याचं फोनवर कळवलंच होतं. पण जे सांगायचं आहे ते फोनवर मला जमणार नाही, म्हणून हे पत्र. लेक सकाळी आठला कामावर जाते. मग मी वही आणि दोन पेन्सिली घेऊन बाहेर पडतो तो संध्याकाळीच परततो. तीन आठवडे झाले, नुसती डोकी काढतोय.

आपण कॉलेजात प्लास्टरच्या त्या ग्रीक-रोमन मुखवट्यांवरून किती कागद काळे केले, आठवतं? नाकाखालची सावली जमेना म्हणून सरांनी तुला चार वेळा खोडायला लावलं होतं. तेव्हा ती डोकी माझ्या लेखी उजेड आणि सावलीचा अभ्यास, एवढीच होती. ती कुणाची असतील, त्यांच्या घरात कुणी त्यांच्यासाठी रडलं असेल, हे मनातही आलं नाही. इथं ते पहिल्या दिवसापासून येतंय.

टर्मिनी स्टेशनला लागूनच पालात्सो मास्सिमो नावाचं संग्रहालय आहे. तिथं तळमजल्यावर एक ब्राँझचा मुष्टियोद्धा बसला आहे. १८८५ साली क्विरिनाल टेकडीच्या उतारावर खोदकामात सापडला, तोही असाच बसलेला. दोन्ही हात मांड्यांवर टेकलेले, मुठींना चामड्याच्या पट्ट्या, आणि मान वळवून कुणाकडे तरी वर बघतोय. नाक मोडलेलं, कान मार खाऊन खाऊन गाठाळलेले. आता ऐक, हे तुझ्यासाठी. त्याचे ओठ, चेहऱ्यावरच्या जखमा आणि उजव्या अंगावर ओघळलेले रक्ताचे थेंब तांब्याचे आहेत. ब्राँझमध्ये खाचा घेऊन बसवलेले. उजव्या डोळ्याखालचा सुजून काळानिळा पडलेला भाग तर वेगळ्याच मिश्रधातूचा आहे, म्हणून तो गडद दिसतो. अंग तुकड्यातुकड्यांनी, मेणाचा नमुना वितळवून त्या जागी ब्राँझ ओतून केलंय आणि मग जोडलंय. जोड शोधायला मी तासभर त्याच्याभोवती फिरलो, दोनच सापडले. तुला सगळे सापडले असते. डोळे मात्र नाहीत. ते निराळे करून बसवलेले होते, केव्हातरी निखळून गेले. त्या दोन भोकांसमोर मी उभा राहिलो आणि मला तुझं जुनं वर्कशॉप आठवलं. का ते पुढं सांगतो.

त्याच इमारतीत रोमच्या प्रजासत्ताकाच्या काळातले म्हाताऱ्यांचे चेहरे आहेत. बसलेले गाल, टक्कल, मानेवर लोंबणारी कातडी, कपाळावर नांगरटीसारख्या आठ्या. संगमरवर इतका निर्दय होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. याचं मूळ शोधताना लोक त्यांच्या एका रिवाजाकडे बोट दाखवतात. मोठ्या घराण्यांत पूर्वजांचे मेणाचे मुखवटे करून घराच्या दर्शनी भागात लाकडी कपाटांत ठेवत. घरात कुणी गेलं की ते मुखवटे बाहेर काढायचे. ज्याची उंची आणि बांधा त्या पूर्वजाशी जुळेल अशा माणसानं तो चढवायचा, त्या पूर्वजाच्या हुद्द्याचा पोशाख घालायचा आणि अंत्ययात्रेत चालायचं. पॉलिबिअस या ग्रीक इतिहासकारानं इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात हे सगळं लिहून ठेवलंय. म्हणजे मेलेल्या माणसाला पोचवायला त्याचे पणजोबा-खापरपणजोबा स्वतः चालत यायचे. हे वाचलं आणि आमच्या देव्हाऱ्यातले टाक डोळ्यांपुढे आले. आई दसऱ्याला ते चिंचेनं घासायची आणि एकेकाचं नाव घेत पुसून ठेवायची. त्या टाकांवर चेहरा म्हणजे दोन ठिपके आणि मिशीची एक रेघ. तरी तिला प्रत्येक टाक कुणाचा ते न बघता कळायचं.

मेणाचा एकही मुखवटा आज उरलेला नाही. दगड उरले.

पण दिनू, त्या सुरकुत्या म्हणजे निव्वळ सच्चेपणा असं समजू नकोस. मीही आधी तसंच समजलो होतो. रोमजवळच्या तिवोली गावात सापडलेला एका सेनापतीचा पुतळा तिथंच आहे. चेहरा साठीचा, सुरकुतलेला, थकलेला, आणि खाली अंग पंचविशीतल्या पैलवानाचं. एका पुतळ्यात दोन वयं. त्या काळात सुरकुत्या म्हणजे अनुभव, मोहिमा, सभेतली वर्षं. सुरकुती मागून घेत असतील गिऱ्हाइकं. मग रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस आला आणि उलटं झालं. पंचाहत्तरी ओलांडून तो इसवी सन १४ मध्ये वारला, पण त्याचे जे पुतळे आपण ओळखतो त्यांत तो कधी म्हातारा झालाच नाही. व्हॅटिकनमध्ये त्याचा चिलखतातला पुतळा पाहिला, १८६३ साली त्याच्या बायकोच्या गावाबाहेरच्या वाड्यात सापडलेला. गालावर एक रेघ नाही. त्यावर मूळ रंगाच्या खुणाही मिळाल्या आहेत. आपण ज्याला शुद्ध पांढरं म्हणून पुजत होतो ते सगळं रंगवलेलं होतं, हे तुला माहीत आहे. पण मान्य करायला तू तयार नसायचास.

नंतरच्या नीरो सम्राटाचं तर काय झालं बघ. तो गेल्यावर त्याची नको असलेली कित्येक डोकी टाकून न देता छिन्नीनं पुन्हा घडवून त्याच्यानंतरच्या वेस्पासियन या सम्राटाची केली. दगड फक्त कमी करता येतो. त्यामुळे अशा डोक्यांत चेहरा आत जातो आणि कान जुन्या मापाचे राहतात. आता मी कुठल्याही डोक्यापुढे गेलो की आधी कान बघतो.

आणि डोळे. ब्राँझला हस्तिदंत आणि काचेचे डोळे बसवत. कॅपिटोलाइन संग्रहालयात ब्रूटस म्हणून ओळखलं जाणारं एक डोकं आहे, त्याचे डोळे अजून शाबूत आहेत आणि ते सहन होत नाहीत इतके बघतात. संगमरवराला बुबुळं नुसती रंगवत, म्हणून रंग गेल्यावर ती डोकी आपल्याला आंधळी दिसतात. हेड्रियन सम्राटाच्या काळात, म्हणजे साधारण इसवी सन १३० च्या सुमाराला, बुबुळाची कड आणि बाहुली दगडातच कोरायला लागले. वहीत मी फक्त डोळ्यांची दहा पानं भरली आहेत. पापणी बुबुळावर किती उतरते, एवढ्या एका गोष्टीवर माणूस जागा की दमलेला, ऐकतोय की संपलेला, हे सगळं ठरतं. हे मी तुला सांगतोय! तूच मला हे सांगितलं होतंस, मी कानांवर घेतलं नव्हतं.

गेल्या रविवारी लेकीनं नेपल्सला नेलं. वेगवान गाडीनं सव्वा तास. तिथल्या पुरातत्त्व संग्रहालयात पॉम्पेईहून आणलेलं ब्राँझचं एक डोकं आहे. तिथल्या एका सावकाराच्या घरात सापडलेलं, लुकियस काइकिलियस युकुंडस नावाच्या. डोकं त्याचंच की घरातल्या आधीच्या कुणाचं, यावर वाद आहे. कान बाहेर आलेले, केस विरळ आणि गालावर चांगली ठसठशीत चामखीळ. खालच्या खांबावर लेख आहे: आमच्या लुकियसच्या रक्षक-आत्म्याला, फेलिक्सकडून. हा फेलिक्स त्या घरानं गुलामीतून मुक्त केलेला माणूस. विचार कर, मूर्तीचा खर्च त्यानं केला, आणि ती चामखीळ काढून टाका असं तो म्हणाला नाही. रोज ज्या चेहऱ्यासमोर तो उभा राहिला असेल, तोच त्याला हवा होता.

मी तिथल्या बाकावर बसलो आणि उठवेना. लेकीला वाटलं पाय दुखताहेत.

दिनू, बाबांच्या डोक्याचं मातीकाम तू पूर्ण केलंस तेव्हा मी आणि दादा बघायला आलो होतो. तू ओलं फडकं काढलंस. डावी पापणी खाली आलेली, त्या बाजूचं तोंड किंचित ओघळलेलं. अर्धांगाच्या झटक्यानंतरची शेवटची सहा वर्षं ते असेच होते. तू दर सुट्टीत त्यांच्याजवळ बसायचास. ते बोलताना उजव्या भुवईनं दोन्ही भुवयांचं काम करायचे, हेही तू मातीत पकडलं होतंस. दादा म्हणाला, शाळेत बसवायचाय, मुलं बघणार, आजारी दिसायला नको. मी निवृत्तीच्या वेळचा फोटो पुढं केला आणि म्हणालो, पापणी उचल, तोंड सरळ कर. तू काही बोलला नाहीस. फडकं भिजवून पुन्हा गुंडाळलंस. दुसऱ्या दिवशी पापणी वर गेली होती.

चित्रकला शिकलेला मी एकटाच होतो घरात. दादाचं समजू शकतो.

पुतळा शाळेच्या व्हरांड्यात अजून आहे, जयंतीला हार पडतो. अनावरणाला आई आली होती. बराच वेळ बघत राहिली. मग पदरानं चौथऱ्याची धूळ पुसली आणि म्हणाली, छान झालाय. त्यानंतर ती एकदाही तिकडं गेली नाही. मी कारण विचारलं नाही. नेपल्सच्या त्या बाकावर बसून मला वाटलं, तिच्या हातानं सहा वर्षं जे तोंड पुसलं, ज्या डोळ्यात रात्री थेंब घातले, तेच आम्ही पुतळ्यातून काढून टाकलं. तिला तिथं भेटायला कुणी उरलंच नाही.

काल बोर्गेसे गॅलरीत गेलो. आधी वेळ ठरवून जावं लागतं आणि दोन तासांत बाहेर काढतात. तिथं बेर्निनी या शिल्पकारानं १६३२ साली केलेला कार्डिनल शिपिओने बोर्गेसेचा अर्धपुतळा आहे. जाडजूड माणूस, बोलता बोलता ओठ उघडे राहिलेले, झग्याचं एक बटण काजात अर्धवट अडकलेलं. हा बेर्निनी समोरच्याला स्थिर बसवत नसे. माणूस बोलत-फिरत असताना त्याची रेखाटनं करायचा. काम संपत आलं आणि संगमरवरातला एक दोष कपाळावरून चिरेसारखा आडवा उमटला. त्यानं दुसरा दगड घेतला आणि तोच माणूस पुन्हा कोरला. दोन्ही पुतळे त्याच संग्रहालयात आहेत. मी घड्याळ विसरून एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिलो. दुसरा थोडा थंड वाटला मला, पण तो आहे, याचंच मला जास्त वाटलं.

म्हणून विचारतो. पापणी उचलण्याआधी तू त्या मातीचा साचा घेतला होतास का? त्या रात्री तुझ्या हातांना प्लास्टर लागलेलं होतं, असं मला आठवतं. माझ्या मनाचा खेळही असेल. तुझ्या माळ्यावर गोणपाटाखाली डोक्यांची एक रांग होती, तीही आठवते. बघशील?

नसेल तर माझ्याकडे त्यांच्या शेवटच्या थंडीत काढलेली वही आहे, चौतीस रेखाटनं. त्यांतली बरीच झोपेतली, पण सात-आठ जागेपणीची आहेत. मी ५ नोव्हेंबरला परततोय. एक दिवस घरी थांबून वही घेऊन थेट तुझ्याकडे येतो. तू माती मळ. यावेळी मी फोटो आणणार नाही आणि तोंड उघडणार नाही. शाळेसाठी नको, दादालाही सध्या सांगायचं नाही. आईच्या खोलीत, तिच्या पलंगावरून दिसेल असा ठेवायचा आहे. ती आता ब्याऐंशीची आहे, म्हणून घाई करतोय.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
मधू

ता. क. मुष्टियोद्ध्याच्या कानांचे आणि डोळ्याखालच्या त्या गडद तुकड्याचे फोटो लेकीच्या फोनवरून पाठवतोय. पाठीचा फोटो हलला आहे, उद्या पुन्हा जाऊन घेतो.