पुतण्या, ती गाडी मीच रुतवली होती

प्रिय पुतण्या,

जैसलमेरला तुझ्या गाडीतून फिरलो तेव्हा पहिल्या तासातच तू मला 'काकोसा' म्हणायला लागलास, म्हणून तू माझा पुतण्या. नाव लिहीत नाही. तुला न विचारता चार लोकांत तुझं नाव घेणं मला पटत नाही. तुला मराठी वाचता येत नाही हेही मला ठाऊक आहे. माझी भाची हे पत्र तुला फोनवरून हिंदीत सांगणार आहे. तरी ते मराठीत आणि असं उघड्यावर लिहितोय, कारण तुझ्याइतकंच ते माझ्या गावच्या लोकांनीही वाचायला हवं.

परवा आमच्या भजनी मंडळाची बैठक होती. बाहेर पाऊस कोसळत होता, वीज गेलेली, भजन थांबलेलं. मग नेहमीप्रमाणे आमच्या राजस्थानच्या सहलीच्या गोष्टी निघाल्या. आमचा पखवाजवाला नव्या पोरांना रंगवून सांगत होता, "जिप्सी अशी रुतली, अशी रुतली, की चाकं दिसेनात. पण काका बसले स्टिअरिंगवर आणि एका दमात बाहेर काढली. खाणीवरचा ड्रायव्हर तो!" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पानाला चुना लावत बसलो. जानेवारीपासून ही चौथी खेप. त्या रात्री झोप लागली नाही, आणि सकाळी हा कागद घेतला.

तुला मी ड्रायव्हर होतो एवढंच सांगितलं होतं. नीट सांगतो. आमचं गाव पाळी, गोव्यात साखळीजवळ. या भागात लोखंडाचं खनिज, आम्ही त्याला मातीच म्हणतो. खाणीवरून टिपरमध्ये माती भरायची आणि मांडवीच्या काठच्या जेटीवर ओतायची. तिथून ती बार्जमधून मुरगावच्या बंदरात जायची. दिवसाला जेवढ्या ट्रिपा तेवढे पैसे. चोवीस वर्षं हेच केलं. तांबडी धूळ अंथरुणात असायची, भातात असायची. २०१२ साली खाणी बंद पडल्या, मधे थोड्या सुरू झाल्या, २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा बंद. माझा टिपर घरामागं चार पावसाळे उभा राहिला आणि शेवटी भंगारात गेला. पण ड्रायव्हर म्हणून माझा ताठा काही भंगारात गेला नव्हता. दुसरा कोणी चालवत असला की माझा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबतो, हे तू पाहिलंसच.

आम्ही चौदा जण मडगावहून मरुसागर एक्सप्रेसने अजमेरला उतरलो. पुष्कर, जोधपूर, रामदेवरा करत जैसलमेर. देवदर्शन हे नाव, फिरणं हा हेतू. जैसलमेरला आमच्या बुकिंगमध्ये 'जीप सफारी' होती. सम गावच्या वाळूच्या टेकड्यांवर नेलं, तर तिथं एकेका गाडीच्या हौद्यात आठ-आठ माणसं उभी, हातात लोखंडी दांडा, गाणी मोठ्यानं लावलेली, आणि गाड्या टेकडीवरून उड्या मारतायत. माझ्या बायकोच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं. मी म्हटलं, ही बसणार नाही. तिथला माणूस म्हणाला, पैसे परत मिळणार नाहीत. त्यावरून बरीच हमरीतुमरी झाली, ती इथं नको.

तू चहाच्या टपरीजवळ तुझ्या जुन्या जिप्सीला टेकून उभा होतास आणि सगळं ऐकत होतास. मधे पडला नाहीस. आम्ही चिडून परत निघालो तेव्हा एवढंच विचारलंस, "माँजी को कहाँ दर्द है?" दुसऱ्या दिवशी दुपारी तू आणि तुझा चुलतभाऊ अशा दोन गाड्या, तीन खेपांत, आम्हाला खुरी गावच्या बाजूला घेऊन गेलात. हिच्या कमरेमागं तू तुझी गोधडी गुंडाळून लावलीस आणि ती चामड्याच्या पट्ट्यानं सीटला बांधलीस, सरकू नये म्हणून. परत आल्यावर ही म्हणाली, साखळी ते पणजी बसमध्ये याहून जास्त हादरे बसतात.

मला वाटलं होतं वाळवंट म्हणजे घरातून बाहेर पडलं की वाळूच वाळू. तुमच्याकडे तर आधी दगडच. पिवळा, सपाट, फरशी फोडून टाकल्यासारखा. त्यावर तू टिपरवाल्यालाही लाजवील इतकी हळू गाडी घेत होतास. मी म्हटलं, इथं तरी दाब की. तू म्हणालास, टायर कापला तर पुढं वाळूत काय करणार? मग एका ठिकाणी सरळ न जाता तू चाकोरीनंच लांबचा वळसा घेतलास. मला वाटलं मीटर फिरवतोयस. खरं कारण निघालं एक पक्षी: तुम्ही ज्याला गोडावण म्हणता तो आमचा माळढोक. तो उघड्या जमिनीवर अंडं घालतो, घरटं नाही काही नाही, आणि एका वेळी बहुधा एकच. गाडीवाल्याला ते दिसणारही नाही. म्हणून तू चाकोरी सोडत नाहीस. माळढोक काही आम्हाला दिसला नाही. पण मीटरचा संशय घेतला त्याबद्दल इथंच माफी मागतो.

एक झाड दाखवून तू खेजडी म्हणालास. आमच्या भटजींनी पान हातात घेऊन बघितलं आणि ओरडलेच, "अरे, ही तर शमी!" दसऱ्याला जिचं नाव घेऊन आम्ही आपट्याची पानं वाटतो ती शमी चौदापैकी तेरा जणांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. भटजींनी तिथंच चपला काढून नमस्कार केला. आणि तुझ्या घरी तिच्याच शेंगांची, सांगरीची, भाजी बाजरीच्या भाकरीबरोबर खाल्ली. नमस्कार करून लगेच खाल्ली म्हणून भटजींना आम्ही परतीच्या गाडीत रतलामपर्यंत चिडवत होतो.

तुझ्या घरचा टांका माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. अंगणात जमिनीखाली बांधलेली गोल टाकी, भोवतीची जमीन तिच्याकडे उतरती, म्हणजे पडलेला थेंब आतच जायचा. आणि तोंडावर पत्र्याचं झाकण, झाकणाला कुलूप. तुझ्या आईनं कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलं आणि आम्हाला पाणी दिलं. चौदा पेले. तुमच्याकडे वर्षाला दोनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आमच्याकडे तीन हजारांवर. हे लिहितोय त्या खोलीत छपरातून गळतंय, खाली बालदी ठेवलीय, ती भरली की मी बाहेर ओततो. त्यातली निदान एक तुझ्या टांक्यात ओतता आली असती तर, असं प्रत्येक वेळी वाटतं.

आता मुख्य गोष्ट.

वाळू सुरू झाली तिथं तू खाली उतरलास आणि टायरची हवा सोडायला लागलास. मी चमकलो. आमच्याकडे हवा कमी म्हणजे मालकाच्या शिव्या. भरल्या टिपरचा टायर तापून फुटायचा. तू खिशातून पेनसारखा गेज काढलास, चारही चाकांची हवा १५ पाउंडांवर आणलीस आणि मला टायर हातानं दाबून बघायला लावलंस. उंटाचा पाय बघा, म्हणालास. टेकला की पसरतो. टायर मऊ झाला की वाळूवर लांबोळा बसतो, वजन वाटलं जातं, चाक खाली न जाता वर तरंगतं. उंच टेकडीला वाऱ्याच्या बाजूनं उतार सोपा असतो आणि पलीकडे एकदम कडा. म्हणून माथ्याआधी गाडी थांबवून, उतरून, पलीकडे काय आहे ते बघून यायचं. चढायचं ते सरळ, तिरकं गेलात तर कलंडलात. नाही चढली तर वळवायची नाही, आपल्याच चाकोरीतून सरळ मागं यायचं. आणि चढणीवर मधेच गिअर बदलायचा नाही.

हे सगळं तू सांगितलंस. मी मान डोलावली. चोवीस वर्षांच्या ड्रायव्हरनं मान डोलावली म्हणजे त्याला समजलं असं कोणीही धरून चालेल.

सूर्य कलला. मंडळी पलीकडच्या टेकडीवर फोटो काढायला गेली आणि मी तुझ्याकडे गाडी मागितली. तू दोनदा माझ्या तोंडाकडे बघितलंस आणि किल्ली दिलीस. सपाटीवर मजा आली. अगदी होडी चालवल्यासारखी. मग मी समोरचा चढ घेतला. अर्ध्यावर इंजिनाचा आवाज पडला. आणि घाटात भरला टिपर दम टाकायला लागला की पाय जे करतो तेच माझ्या पायानं केलं: क्लच दाबला, खालचा गिअर टाकायला गेलो. डांबरावर गाडी तेवढा क्षणभर पुढं जात राहते. वाळूनं तो क्षण दिला नाही. गाडी जागच्या जागी थांबली, जणू कोणी मागून धरली. मग मी त्याहून मोठा गाढवपणा केला. ॲक्सिलरेटर दाबला. मागची चाकं गरगरली आणि गाडी बुडाशी बसली.

तू काही बोलला नाहीस. इंजिन बंद केलंस. मंडळी टेकडीवरून पळत येताना दिसली तसा तू माझ्या बाजूचं दार उघडलंस, मला खाली घेतलंस आणि ते पोचायच्या आत स्वतः गुडघ्यावर बसून वाळू उपसायला लागलास. पखवाजवाल्यानं विचारलं, काय झालं? तू म्हणालास, "यहाँ की रेत खराब है। मेरी गलती, मैं देख नहीं पाया।"

खरं तर मी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. चौदा जणांत माझी ओळख एकच, काकाला गाडीतलं कळतं. ती गेली तर राहतं काय? म्हणून गप्प राहिलो.

तू कोपरापर्यंत हात घालून चाकांमागची वाळू ओढलीस. हवा आणखी सोडलीस, १० वर. खींप नावाच्या झुडपाच्या काटक्यांच्या जुड्या मोडून चाकांखाली घातल्यास. मला वाटलं, आता हा बसेल आणि काढेल. तर तू हात झटकलेस आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणालास, "काकोसा, आप ही निकालो। आपका हाथ पक्का है।" आणि खिडकीशी येऊन, फक्त मला ऐकू येईल असं: लो रेंज (म्हणजे जास्त ताकदीचा, हळू गिअर), रिव्हर्स, सरळ मागं, पाय हलका, आणि क्लचला हात नाही लावायचा. पायाला 'हात' म्हणालास, एवढा तूही घाईत होतास.

गाडी आली बाहेर. म्हातारीनं पाटावरून उठावं तशी, हळू, कुरकुरत. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या मी सहा महिने खाल्ल्या.

तर गावकऱ्यांनो, पखवाजवाल्या, भटजीबुवा, वाळू खराब नव्हती. गाडी मी रुतवली. काढायचं सगळं काम त्या पोरानं केलं आणि शेवटचा घास माझ्या हातात दिला.

पुतण्या, गाडी काढायला शिकवलंस त्याचे आभार आहेतच. हिला सांभाळून नेलंस, टांक्याचं पाणी पाजलंस, त्याचेही. तिथून निघताना मी ठरल्यापेक्षा थोडे जास्त पैसे पुढं केले, ते तू मोजून खिशात घातलेस, उगाच नको-नको केलं नाहीस, हेही मला बरं वाटलं. पण माझ्याच लोकांपुढं तू माझं जे राखलंस, ते पैशांनी फेडता आलं नसतं, आणि तू तशी जाणीवही करून दिली नाहीस. परतताना अर्धा तास तू फक्त उंटांबद्दल बोलत होतास.

आणि एक सांगतो. आपण दोघांनी सगळ्यांना फसवलं असं मला वाटत होतं. त्या रात्री हॉटेलात ही पाठीला मलम लावून घेता घेता म्हणाली, "क्लच दाबलात ना?" पलीकडच्या टेकडीवरून तिनं आवाजावर ओळखलं होतं. चोवीस वर्षं रात्री टिपरचा आवाज ऐकूनच ती चूल पेटवायची.

आता तू इकडं ये. पावसात नको, ऑक्टोबरनंतर ये. कुळ्याहून दूधसागरला जीप जातात, महावीर अभयारण्याच्या जंगलातून. धबधबा ३१० मीटर उंचीवरून पडतो, पण तुला तो नंतर दाखवीन. आधी तुला पुढच्या सीटवर बसवून ओहोळ दाखवायचेत. जीप बॉनेटपाशी पाणी येईपर्यंत आत घुसते आणि ड्रायव्हर एकाच गिअरवर, एकाच आवाजात पलीकडे काढतो; मधे थांबला की संपलं. तुला बघता बघता कळेल. फक्त तिथं स्टिअरिंग मागू नकोस. ते देणार नाहीत. त्यांच्या जागी मी असतो तर मीही दिलं नसतं.

तुझा काकोसा,
पाळी, साखळीजवळ

ता. क. तुझा हवा मोजायचा गेज माझ्या जाकिटाच्या खिशात राहून इकडं आलाय. बाहेर काढला तेव्हा त्यातून चिमूटभर वाळू पडली. काजूच्या पुड्याबरोबर कुरिअरनं पाठवतोय. गेज तुझा, काजू आईला.