आई, गोळीचं एवढं मनावर घेऊ नकोस

लेस्टर, इंग्लंड

प्रिय आई, बाबा,

स्मिताच्या तोंडून माझ्या कोलेस्टेरॉलच्या गोळीचं निघून गेलं आणि आई तू रात्रभर झोपली नाहीस असं ताई म्हणाली, म्हणून लिहितोय, फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. मी ठणठणीत आहे गं. इथे 40 ते 74 वयाच्या लोकांना दर पाच वर्षांनी सरकारी तपासणीला बोलावतात, मागच्या खेपेला मी टाळली, या वेळी गेलो तर कोलेस्टेरॉल 6.3 निघालं. बाबा, सहाच तर आहे म्हणू नका, इथलं माप वेगळं, आपल्या रिपोर्टवर ते 244 च्या आसपास दिसलं असतं.

मग वय, बीपी, वजन, भारतीय आहात का, असं सगळं कॉम्प्युटरवर भरून दहा वर्षांत अ‍ॅटॅक किंवा स्ट्रोक यायची शक्यता काढतात. माझी अकरा टक्के. दहाच्या वर गेलं की गोळी घेणार का विचारतात, म्हणून अ‍ॅटोरव्हास्टॅटिन 20 मिलिग्रॅम, रोज एक, बस. त्यात एक प्रश्न होता, वडिलांना साठीच्या आत हार्टचा त्रास झाला का. हो म्हटलं. बाबा तेव्हा 58 चे, आणि मी इथे नवीन नोकरीत रजा मागायला घाबरून बसलो होतो. असो.

आणि हे चीज-बटरमुळे झालेलं नाही, बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं लिव्हरच बनवतं, गोळी तिथेच काम करते. वरणभातावर चमचाभर तूप घेतो, खोटं कशाला बोलू.

डॉक्टरला नीट दाखव म्हणतेस, पण इथली तऱ्हा ऐक. सकाळी बरोबर आठला फोन लावायचा. आठला पाच कमी असताना लावला तर नुसती टेप वाजते, आठ वाजून दोन मिनिटांनी लावला तर तुमचा नंबर तेविसावा, म्हणजे अख्खं गाव एकाच मिनिटाला फोनला चिकटलेलं, तत्काळचं तिकीट काढतात ना तसं, मी तर दोन-दोन फोन घेऊन बसतो. मग एक बाई काय होतंय विचारते, ती डॉक्टर नाही, तरी सगळं तिला सांगायचं, आणि शेवटी काय, तर डॉक्टर दुपारी फोन करतील! नाडी कोण बघणार? आणि कुणी चिडतही नाही, उलट तिला थँक्यू म्हणतात.

बाबा, आता तुमचं. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून तुम्ही रात्रीची कोलेस्टेरॉलची गोळी बंद केलीत म्हणे. अहो, तो गोळीमुळेच नॉर्मल आला ना! स्टेंट बसवलाय तुम्हाला, माझ्यापेक्षा तुम्हाला ती जास्त गरजेची. पाय दुखत असतील तर डॉक्टरांना सांगा, ते डोस कमी करतील नाहीतर दुसरी देतील, पण परस्पर बंद नका करू.

पूजाच्या लग्नासाठी ताईच्या खात्यात दोन लाख टाकलेत, हॉलचे त्यातून देऊन टाका, आहेराचं वेगळं पाठवतो. रजेचा अर्ज टाकलाय. तिकीट अजून काढलेलं नाही, ताईला एवढ्यात सांगू नकोस, मी बोलतो तिच्याशी.

आई, बाबांच्या गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो दर रविवारी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकत जा, सात कमी झालेल्या दिसल्या पाहिजेत. मीही माझा टाकतो.

तुमचा,
बंड्या