आकडा कळला, धूळ कशाची तेही सांगा

संपादक महोदय,

थंडी सुरू झाली की नाशिकची हवा बिघडल्याच्या बातम्या येतात आणि रस्त्यांवर पाणी मारायला टँकर निघतात. माझे म्हणणे एवढेच, की रोजच्या आकड्यातून पीएम २.५ चे, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचे, वजन कळते, त्यात काय आहे ते कळत नाही.

पाथर्डी फाट्याकडे बाल्कनीच्या कठड्यावर बसते ती मातकट धूळ. फुंकर मारली तरी उडते. द्वारका चौकातल्या शटरवर काजळी असते, ओल्या फडक्याने पुसली तर आणखीच पसरते. यंत्राच्या लेखी दोन्ही मायक्रोग्रॅमच! २४ तासांची घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमची मर्यादा कशामुळे ओलांडली, हे ठाऊक नसेल तर टँकर कुठे धाडणार?

आता हे जागच्या जागी, तासातासाला तपासणारी उपकरणे आहेत. इथॅलोमीटर काजळीवर सात वेगवेगळ्या तरंगलांबींचा प्रकाश टाकतो. लाकूड-पालापाचोळ्याचा धूर अतिनील प्रकाश जास्त शोषतो, त्यामुळे तो डिझेलच्या धुरापासून वेगळा काढता येतो. क्ष-किरणांवर चालणारे यंत्र शिसे, जस्त, कॅल्शियम असे घटक ओळखते. मास स्पेक्ट्रोमीटर कणांची सुमारे ६०० अंशांवर वाफ करून त्यातील सल्फेट, नायट्रेट, अमोनियम मोजतो. (त्याला काजळी आणि माती दिसत नाही, म्हणून एकच महागडे यंत्र आणून फीत कापण्यात अर्थ नाही.)

यातले अमोनियम नायट्रेट नाशिककरांनी विशेष लक्षात घ्यावे. ते थेट कोणत्याच धुराड्यातून निघत नाही. वाहनांच्या धुरातले वायू आणि शेणखत-युरियातून सुटणारा अमोनिया यांच्यापासून ते हवेतच तयार होते, आणि आपल्याकडच्या गार रात्री त्याला मानवतात. त्यावर टँकर काय करणार?

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला, त्यात नाशिक आहे. दिल्लीत २०२३ मध्ये आयआयटी कानपूरच्या मदतीने अशी तासाभराची तपासणी सुरू झाली होती. २०२७ च्या सिंहस्थासाठी इथे सध्या खोदकामे चालली आहेत. ही उपकरणे बसवलेली एक फिरती गाडी भाड्याने का होईना आणावी आणि द्वारका, अंबड, एकलहरे व तपोवन येथे हिवाळ्यात काही आठवडे उभी करावी. तिची आकडेवारी अहवाल निघेपर्यंत दाबून न ठेवता रोज महापालिकेच्या संकेतस्थळावर टाकावी.

— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक